पंखे फिरतात, पडदा काळा

खुशाल नगराळे मास्तर विजेला भितात, ही गोष्ट साऱ्या आदिलाबादेत दोघांनाच ठाऊक होती. एक म्हणजे स्वतः मास्तर आणि दुसरी त्यांची माय, विठाबाई. बायकोला, म्हणजे प्रगतीला, दाट संशय होता, कारण घरातला बल्ब बदलायची वेळ आली की मास्तरांची नेमकी कंबर धरायची. पण प्रगती सरकारी दफ्तरात क्लार्क. कागद हातात आल्याशिवाय ती काही बोलत नसे.

गंमत अशी, की मास्तर तलमडुगूच्या मराठी शाळेत विज्ञानच शिकवत. सेल, वायर आणि बल्ब हा तर त्यांचा हातखंडा प्रयोग. बल्ब लागला की पोरं टाळ्या वाजवत. त्या दीड व्होल्टच्या सेलला हात लावायच्या आधी मास्तर टेबलाखाली पायातली रबरी चप्पल नीट चाचपून घेत, ते मात्र कोणाला दिसत नसे.

अशा माणसानं घरी कंप्युटर बांधायला काढला. आता बोला!

झालं होतं असं. मास्तरांची एकुलती एक लेक दीक्षा चित्रं काढते. साधी नाही, हलती-बोलती, लहान पोरांच्या गोष्टींची. दोन वर्षं मैत्रिणींचे लॅपटॉप मागून मागून तिनं ठिकठिकाणी नमुने पाठवले, आणि शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं. काम घरूनच. अट एक: मशीन स्वतःचं आणि दमदार पाहिजे, आणि सोमवारी सकाळी ठीक दहाला ते चालू करून दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर यादीतल्या दुसऱ्याला बोलावणार. कंपनीच्या बाईंनी हे फोनवर इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मास्तरांनी तेव्हाच कॅलेंडरवर त्या सोमवारभोवती गोल काढला.

दीक्षानं सामानाची यादी केली आणि म्हणाली, "बाबा, हैदराबादच्या दुकानात जोडूनच देतात. तसंच आणू."

"काऊन?" मास्तर उसळले. "तुझा बाप सायन्सचा मास्तर हाय का पीटीचा?"

हे बोलून झाल्यावर मास्तरांना घाम फुटला, पण तोवर प्रगतीनं "बरं" म्हटलं होतं. प्रगतीचं "बरं" फार वाईट. त्यात होकार नसतो, नकार नसतो. पुढं कधीतरी काढायची नोंद असते.

सामान आलं. मार्च लागला होता, शाळा एकवेळच्या झाल्या होत्या, त्यामुळे दुपारी मास्तर मोकळे. त्या सोमवारला आठ दिवस असताना, रविवारी, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, पायात चप्पल घातली, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि काम सुरू झालं. मदरबोर्ड नावाच्या हिरव्याकाळ्या पाटीवर प्रोसेसर ठेवायचा आणि शेजारचा तारेचा खटका खाली दाबायचा. मास्तरांनी दाबला.

करकर.

असा आवाज झाला. खारकेची बी दाताखाली यावी तसा. मास्तर जागीच गोठले. खटका बसला होता, सगळं जिथल्या तिथं दिसत होतं, पण आवाज झाला होता, यात वाद नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. प्रगती स्वयंपाकघरात, दीक्षा फोनवर, माय अंगणात. कोणी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी घाईघाईनं त्याच्यावर पंखा बसवला आणि ती करकर पोटात घालून टाकली.

बाकी सारं जोडून झालं, पण रॅम आली नव्हती. रॅम म्हणजे मशीनची चालती आठवण. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या, मदरबोर्डवरच्या दोन बारीक खाचांत बसवायच्या. त्या पट्ट्या कुरियरवाल्यानं आदिलाबादऐवजी इचोड्याला उतरवल्या. तेव्हा चार दिवस तो कॅबिनेटचा डबा, एका बाजूनं उघडा, बाहेरच्या खोलीत तसाच राहिला. येणारा-जाणारा त्यात वाकून पाही आणि मान हलवी. बुधवारी दीक्षा विद्यापीठातून डिग्रीचा कागद आणायला हैदराबादला गेली. "रविवारी संध्याकाळी येते बाबा, तोवर होईल ना?" असं विचारून गेली. मास्तर म्हणाले, "तू ये त् सही."

गुरुवारी शाळा सुटल्यावर मास्तर इचोड्याला निघाले. निघाले कसले, अर्धा तास दारातच अडकले, कारण स्कूटरच्या चावीच्या भोकात कापूस होता. हे मायचं काम. विठाबाईचं आणि कुंभारीण माशीचं वैर जुनं. उन्हाळा लागला की ही बया घरात शिरते आणि दिसेल त्या भोकात चिखल भरून घर बांधते. मग विठाबाई तिच्या आधी तिथं कापूस भरून मोकळी. चाळीस वर्षं लोकांच्या शेतात कापूस वेचलेली बाई. तिच्या बोटांना कापसाचं काही शिकवायचं नव्हतं. एकदा तिनं मास्तरांच्या शाळेच्या शिट्टीत कापूस भरला होता आणि ध्वजवंदनाला मास्तर नुसतेच गाल फुगवून उभे होते. "माय, निदान माझ्या स्कूटरले त् सोड," असं ओरडून मास्तर शेवटी बसनंच गेले.

कुरियरच्या दुकानात आणखी तमाशा. पार्सल द्यायला नंबर लागतो, नंबर दीक्षाच्या फोनवर येतो, आणि दीक्षाचा फोन लागत नाही. मास्तरांनी आधार कार्ड दाखवलं, शाळेचं ओळखपत्र दाखवलं. दुकानातला माणूस थंडपणे म्हणाला, "सार, तुम दीक्षा नहीं दिखते." हे खरं असल्यानं मास्तरांना त्यावर बोलता येईना. दोन तासांनी फोन लागला. नंबर सांगून झाल्यावर दीक्षानं विचारलं, "मशीन चालू होईल ना बाबा आज?" आजूबाजूला चार गिऱ्हाइकं उभी, अपमान ताजा, मास्तर छाती काढून म्हणाले, "होईल काय? झालंच समज!"

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी त्या दोन पट्ट्या बसवायला घेतल्या. पट्टी काही आत जाईना. व्हिडिओतला पोरगा म्हणे, जोर लावा, टक् आवाज येईपर्यंत दाबा. आवाज या शब्दाचीच मास्तरांनी धास्ती घेतली होती. पण डोळे मिटून, चप्पल घट्ट रोवून त्यांनी अंगठ्यांनी दाबल्या. टक्. टक्. बसल्या एकदाच्या.

मग प्रगतीला आणि मायला बोलावून, घसा साफ करून, मास्तरांनी बटण दाबलं. आतले पंखे फिरू लागले. निळे-तांबडे दिवे लागले. विठाबाईनं हात जोडले. मॉनिटरवर "सिग्नल नाही" अशा अर्थाची एक ओळ आली, आणि मग तीही गेली. पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"आता?" प्रगतीनं विचारलं.

"गरम होऊ दे."

"किती गरम?"

मास्तरांनी मॉनिटरची वायर पुन्हा खोचून पाहिली. त्यांच्या कानात एकच आवाज घुमत होता, करकर. तेवढ्यात दीक्षाचा फोन आला, "झालं ना बाबा?" आणि मास्तरांच्या तोंडून त्यांच्याही आधी शब्द बाहेर पडले, "हो, झालं. फस्क्लास."

प्रगतीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

शुक्रवारी ही गोष्ट गल्लीत फुटली. शेजारच्या किराणा दुकानाचे उत्तमराव सकाळी, मास्तर शाळेला निघायच्या आतच, हजर. त्यांचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज, स्टॅबिलायझर. त्यांच्या दुकानातला फ्रिज एकदा कमी-जास्त दाबानं जळाला, तेव्हापासून मुलाचे मार्क कमी आले तरी ते व्होल्टेजकडं बोट दाखवत. त्यांनी स्वतःचा लोखंडी स्टॅबिलायझर उचलून आणला. लावला. पंखे फिरले, पडदा काळा. फक्त आता घरात गिरणीसारखी घरघरही सुरू झाली.

"मास्तर, एक विचारतो, राग नका मानू," उत्तमराव आवाज खाली आणून म्हणाले. "जोडल्यापासून घरातल्या कोनाचा हात त् नाही ना लागला याले?"

आता हा प्रश्न मास्तरांनी नीट ऐकून घेतला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांना तो थेट करकर आवाजाकडं बोट दाखवणारा वाटला, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसे ते गरजले, "माझ्याशिवाय या मशीनले कोनाचा हात लागला नाही, उत्तमराव! लागला असता त् मी त्याले सोडलाच नसता!"

आत स्वयंपाकघरात पेला पडल्याचा आवाज झाला. मांजर असंल, असं सगळे धरून चालले.

उत्तमरावांचा पुतण्या अमर नांदेडला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. उत्तमरावांनी त्याला फोन लावून मास्तरांच्या कानाला दिला. अमर घाईत होता. "काका, पंखे फिरतात ना? मग घाबरू नका. दोन्ही रॅम काढा, खालची सोनेरी पट्टी खोडरबरनं पुसा, खाच फुंकून घ्या आणि परत बसवा. शंभरात नव्वद मशीन असंच चालू होतं. करा आणि सांगा."

मास्तरांनी शाळेच्या पिशवीतून खोडरबर काढलं. मशीनसमोर बसले. रॅमच्या पट्टीला हात नेला, आणि हात थांबला. काढताना पुन्हा करकर झाली तर? निम्मं मोडलेलं पुरं मोडलं तर? दहा मिनिटं ते खोडरबर हातात धरून बसले होते. मग त्यांनी ते खोडरबर आपल्या हाताच्या तळव्यावर चार वेळा घासलं, काळे कण टेबलावर पडू दिले, आणि बाहेर येऊन उत्तमरावांना म्हणाले, "पुसलं. काही फरक नाही."

तेवीस वर्षं पोरांना प्रयोगाच्या वहीत खोटं निरीक्षण लिहू नका म्हणून छड्या मारलेला माणूस! मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्यांनी वर्गात एकालाही छडी मारली नाही. पोरं उलट घाबरली.

दुपारी उत्तमरावांची बायको तुळजाबाई लिंबू-मिरची घेऊन आली. "भाऊजी, तुमी मानत नाही मले ठाऊक हाय, पण पोरीच्या नोकरीले नजर लागली." मास्तर पक्के विज्ञानवादी, वरून बौद्ध. त्यांनी तिला पंधरा मिनिटं अंधश्रद्धेवर भाषण दिलं. तुळजाबाईनं ते शांतपणे ऐकलं आणि जाताना लिंबू टेबलावर ठेवून गेली. शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेली वस्तू टाकून देणं बरं दिसत नाही, म्हणून मास्तरांनी ते मॉनिटरच्या मागं ठेवलं. पडद्याकडं तोंड करून.

शनिवारी उत्तमरावांनी सुरेंद्रला आणलं. सुरेंद्र खाजगी वायरमन. तेलुगू, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो आणि तिन्हींत ठाम असतो. त्यानं घरभर फिरून टेस्टर लावला आणि मान हलवली. "सार, अर्थिंग लेदु. अर्थिंगच नाही तुमच्या घराले. ऐसे में कंप्युटर कैसा बोलेगा?" मास्तर स्वतः अर्थिंगचा धडा दरवर्षी शिकवत. आपण इतकी वर्षं बिनअर्थिंगच्या घरात झोपलो हे ऐकून ते मटकन खुर्चीवर बसले, आणि खुर्ची लोखंडी आहे हे ध्यानात येताच पुन्हा उभे राहिले.

मग अर्थिंगच्या तारेसाठी खड्डा. त्यात भरायला मीठ आणि कोळसा उत्तमरावांच्या दुकानातून आला. फाटकाजवळ सुरेंद्रनं पहार मारायला सुरुवात केली. दोन हात खोल गेल्यावर पहार कशाला तरी लागली, ठण्ण झालं, आणि पाण्याचा फवारा मास्तरांच्या छातीएवढा वर आला. अख्ख्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्याची लाईन!

गल्लीतल्या सगळ्या बाया हंडे घेऊन फाटकापाशी आल्या. आधी पाणी भरून घेतलं आणि मग बोलल्या. काय बोलल्या ते मास्तर कधीच कोणाला सांगणार नाहीत.

ओल्या कपड्यांनी मास्तर मुन्सिपाल्टीत गेले. खिडकीमागच्या बाबूनं अर्जी लिहायला लावली. पाईप फुटला, दुरुस्त करावा. "कैसा फूटा?" खड्डा खोदताना. "खड्डा क्यों?" कंप्युटरसाठी. बाबूनं पेन खाली ठेवलं आणि मास्तरांकडं काळजीनं पाहिलं. मग त्यानं नियम सांगितला: खोदायची परवानगी दाखवा. परवानगी नसेल तर कागदावर खड्डा नाही. खड्डाच नाही तर पाईप फुटला कसा? आणि पाईप फुटला नसेल तर दुरुस्त काय करायचं? मास्तरांना या तर्कात चूक सापडेना. शेवटी बाबूलाच दया आली. त्याच्या सांगण्यावरून मास्तरांनी नवी अर्जी लिहिली, की "सदर पाईप आज रोजी आपोआप फुटला आहे," आणि खाली दस्तखत केली: खुशाल नगराळे, विज्ञान शिक्षक. तीन दिवसांतली ही तिसरी खोटी गोष्ट होती.

संध्याकाळी पाईप जोडला गेला, अर्थिंग झालं. मशीन लावलं. पंखे फिरले. पडदा काळा.

त्या रात्री जेवताना विठाबाईनं अर्धी भाकर तशीच ठेवली. गुरुवारपासून तिचं असंच चाललं होतं. मशीनच्या खोलीत पाय ठेवत नव्हती, कोणी मोठ्यानं बोललं की दचकत होती. नातीच्या नोकरीच्या काळजीनं माय खंगली, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांच्या जिवाला आणखी लागलं.

रविवार उजाडला. प्रगती म्हणाली, "दीक्षाले खरं सांगा. अजून वेळ हाय. बसमधून कोनाले त् फोन करंल, मशीन मागंल."

"सांगतो," मास्तर म्हणाले. दर तासाला त्यांनी फोन हातात घेतला आणि दर तासाला परत ठेवला. एकदा लावलाही. दीक्षा म्हणाली, "बाबा, मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलं, माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी बनवलं म्हणून." मास्तर म्हणाले, "ऊन हाय, पाणी पीत जाय," आणि फोन ठेवून दिला.

चार वाजता प्रगती भाजी आणायला बाहेर पडली. घरात मास्तर आणि माय. मास्तर उघड्या मशीनसमोर सतरंजीवर बसले होते. आता घडीभरात पोरगी येणार. उद्या दहाला ती बाई गोड आवाजात विचारणार. दोन वर्षं पोरीनं दुसऱ्यांच्या दारात बसून चित्रं काढली, आणि बापानं एका फुशारकीपायी सारं मातीत घातलं. मास्तरांचे डोळे भरून आले. दारात विठाबाई उभी होती, पदराचं टोक चावत.

"माय," मास्तर म्हणाले, "तुले एक सांगतो. कोनाले सांगू नको. हे मशीन म्याच तोडलं."

"आँ?"

"पहिल्याच दिवशी. करकर आवाज आला होता. म्या लपवला. अमरनं पट्ट्या काढून पुसाले सांगतल्या, त्याइले म्या भेवापायी हातच नाही लावला. पोरीचं वाटोळं केलं म्या, माय."

विठाबाई हळूहळू आत आली, भिंतीला धरून त्यांच्याजवळ खाली बसली, आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा त्या मशीनकडं सरळ बघत म्हणाली, "खुशाल, तू मले मारशीन त् नाही?"

"काय बोलून राह्यली माय?"

"थे कुंभारीण... हे उघडंच पडून होतं चार दिवस. थे आत शिरून राह्यली होती रे. म्हणून म्या..." तिनं बोट दाखवलं. जिथं दोन रॅम उभ्या होत्या, तिथं. "त्या दोन भेगाइत बारीक वाती घातल्या. सुईनं पार तळाशी दाबल्या, तिनं ओढू नाही म्हणून. मले वाटलं, पट्ट्या लावाच्या टाइमाले तू काढशीन. मंग हे सुरू नाही झालं. आन तू ओरडला, ज्यानं हात लावला त्याले सोडणार नाही. मले लय भेव लागलं, बाबू."

शुक्रवारी पेला कोणाच्या हातून पडला होता ते मास्तरांना आत्ता कळलं. सत्तरी ओलांडलेली आपली माय आपल्याला भिऊन तीन दिवस अर्ध्या भाकरीवर होती. आणि आपण? आपण एका आवाजाला भिऊन.

"सुई आण," ते म्हणाले.

त्यांनी चपलेचा विचार न करता दोन्ही पट्ट्या काढल्या. काही करकर झाली नाही. खाचेच्या तळाशी, चेपून चेपून सपाट झालेल्या, केसाएवढ्या बारीक पांढऱ्या वाती. मास्तरांच्या सुईला वात सापडेना, म्हणून सुई विठाबाईनंच घेतली. बोंडातला कापूस एक तंतू मागं न ठेवता ओढायचा, हे तिनं आयुष्यभर केलेलं. दोन मिनिटांत तिनं दोन्ही वाती अखंड बाहेर काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. मास्तरांनी सोनेरी पट्टी खोडरबरनं पुसली, यावेळी खरोखर. खाचा फुंकल्या. अंगठ्यांनी दाबलं. टक्. टक्. या खेपेला जोर लागलाच नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. विठाबाईनं डोळे मिटून घेतले. मास्तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजू लागले आणि सातावर पडदा उजळला. पांढरी अक्षरं, एकाखाली एक. मास्तरांनी एवढी मोठी हाक मारली, की उत्तमराव दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून धावत आले.

त्यांच्यामागून तुळजाबाई, मग सुरेंद्र, मग भाजीची पिशवी घेऊन प्रगती. आणि पाच-दहा मिनिटांत ऑटोतून दीक्षाही. सगळ्यांनी आळीपाळीनं पडदा पाहिला. तुळजाबाईनं मॉनिटरच्या मागं पाहिलं, लिंबू दिसलं, आणि ती समाधानानं हसली. सुरेंद्र म्हणाला, "अर्थिंग ने काम किया सार." उत्तमराव म्हणाले, "स्टॅबिलायझर तापायले दोन दिवस घेते." मग त्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पण मास्तर, बिघाड होता त् काय?"

विठाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी सरकली. पदराचं टोक पुन्हा तिच्या दातांत गेलं.

मास्तरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग सगळ्या गल्लीसमोर, कंप्युटर स्वतःच्या हातांनी बांधणारा सायन्सचा मास्तर म्हणाला, "माझीच चूक होती. म्या रॅम बरोबर बसवल्याच नव्हत्या."

"आन अमरनं त् शुक्रवारीच काढून पुसाले सांगतल्या होत्या!" उत्तमराव म्हणाले.

"काढल्याच नव्हत्या. खोटं बोललो. भेव वाटलं."

"भेव? कायचं?"

"करंटचं," मास्तर म्हणाले. "मले लहानपणापासून लय भेव वाटते करंटचं. आन दीक्षा, तुलेही खोटं सांगतलं, गुरुवारीच झालं म्हणून. पहिल्या दिवशी करकर आवाज झाला, थोही लपवला."

"तो आवाज सगळ्यांचाच होतो, बाबा," दीक्षा म्हणाली. "तेवढ्यासाठी?"

मग जो हशा उठला, तो पार कोपऱ्यापर्यंत गेला. दोन हात खोल खड्डा, पाईप, मुन्सिपाल्टी, सगळ्यांनी एकेक करून आठवलं आणि पुन्हा पुन्हा हसले. प्रगती मात्र हसली नाही. तिला लग्नाच्या सत्तावीस वर्षांनी हातात कागद मिळाला होता, आणि ती नवऱ्याकडं अशा काही मायेनं बघत होती, की मास्तर आणखीच घाबरले.

दीक्षा बॅग ठेवायला टेबलाकडं वळली. तिथं त्या दोन वाती पडल्या होत्या. तिनं एक उचलली, बोटांत फिरवली, खाचेकडं पाहिलं, दारातल्या आजीकडं पाहिलं. मग दोन्ही वाती मुठीत घेऊन ओढणीच्या टोकात बांधल्या आणि म्हणाली, "काय बाबा, एवढी साधी गोष्ट जमली नाही तुम्हाला?"

तेव्हा कुठं विठाबाईच्या तोंडातला पदर सुटला. ती दोन पावलं पुढं आली, कमरेवर हात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लहानपणापासूनच असा हाय हा! कोनाले विचारन नाही, काही पाह्यन नाही, नुसतं दाबत सुटते. मी म्हनतच होती."

"हो माय," मास्तर म्हणाले. "चुकलंच माझं."

"मंग! आता हात धू आन भाकर खाऊन घे," विठाबाई म्हणाली. "मलेही लय भूक लागली."